परमिटापुरतं वजन

आषाढ सरता सरता गिरणीने साचेखात्याची रातपाळी बंद केली आणि परळच्या चाळीतल्या रखमाच्या खाणावळीतली सात माणसं एका दमात रिकामी झाली. सातांतला एक तिचा नवरा दौलत. बाकीचे सहा त्याच्याच गावचे, त्याच्याच वाडीचे म्हणा ना. कोण चुलत, कोण मावस, कोण नुसताच शेजारी. सगळे साचेवाले, म्हणजे मागावर उभं राहून कापड विणणारे. वर्षानुवर्षं साच्यांचा खडखडाट ऐकून कान बधिर झालेले, त्यामुळे घरात बोलायचे तेही ओरडून. पाळी बंद झाली तरी ओरडणं काही बंद झालं नाही.

आता खाणावळ म्हटलं की टेबलखुर्च्या आणि दारावर पाटी असं काही डोळ्यांपुढे आणू नका. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात कोळशाची शेगडी. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना सात सदरे. माणसं ओळीनं बसायची, रखमा शेगडीपुढून न उठता एकेकाच्या ताटात भाकरी टाकायची. नेम असा बसला होता की भाकरी बरोब्बर ताटातच पडायची. सात जण जेवून हात धुवायला गेले की ती तव्यातलं, टोपातलं, जे काय उरलं असेल ते गोळा करून खायची, बऱ्याचदा उभ्यानंच. ह्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. तिची आई अशीच जेवली, सासू अशीच जेवली.

एकुलती लेक मालन गेल्या वर्षी शीवला दिली होती. तिच्यामागे खोलीत रखमा आणि तिचे हे सात बाप्ये. चाळीतली गंगुबाई तिला चिडवायची, ‘‘रखमे, एक पोरगी उजवलीस नि सात घोडे पदरात ठेवलेस गो!’’ रखमा हसायची. तिला ते घोडे आवडायचे, खरं सांगायचं तर.

रिकामा बाप्या घरात बसला की घर लहान होतं. सकाळी मोर्चा, दुपारी पत्ते, संध्याकाळी सभा. ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती, मुंबई अजून मिळायची होती, त्यामुळे मोर्च्यांना तोटा नव्हता. पण घोषणा देऊन आलेल्या माणसाला भूक दुप्पट लागते. रखमाने आधी भात कमी केला, मग डाळीत पाणी वाढवलं. धोंडूने एक दिवस भाकरी अर्धी मोडून मागं सरकवली, ‘‘पोट भरला,’’ म्हणाला. धोंडू त्यांच्यातला वडीलधारा, पन्नाशीला आलेला, देवधर्माचा कडक. चार भाकऱ्या खाणारा माणूस तो.

अशात लवू बातमी घेऊन आला. लवू सातांत धाकटा, तोंडाळ, मुंबईतच वाढलेला.

‘‘वैनी, खलास! आपलं काम झालं समज,’’ तो दारातूनच ओरडला. ‘‘फोर्टात एक ऑफिस उघडलंय. आफ्रिकेत नवी गिरणी निघालीय, युगांडात. साचेवाले पायजेत त्यांना. बोटीनं नेणार, खोली देणार, सगळं!’’

‘‘आफ्रिका खंय इली?’’ धोंडूने विचारलं.

‘‘समुद्राच्या पलीकडं.’’

‘‘बोटीन तर मालवणाकपण जातत रे, मेल्या,’’ धोंडू म्हणाला, पण पत्ते त्याने खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी सातही जण धुतलेले सदरे घालून फोर्टात गेले. परत आले ते तोंडभर एकच शब्द घेऊन, परमिट. रखमा भाकऱ्या थापत होती. दौलत तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. तो कमी बोलणारा, आणि बोलायचं असलं की आधी शेगडीतले निखारे नीट करायचा. त्यावरून तिनं ओळखलं की काहीतरी आहे.

‘‘तिथं इंग्रजाचं राज्य आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आपण उठलो नि गेलो, असं नाही चालत. तिथला गिरणीवाला सरकारला लिहून देणार, की हे काम जाणणारा माणूस मला इथं मिळत नाही, मुंबईहून आणू दे. मग सरकार एकेकाच्या नावाचं परमिट काढणार. साचेवाला म्हणून गेलास तर साच्यावरच उभा राहायचं, त्याच गिरणीत. दुसरं काम धरलं तर बोटीत बसवून परत.’’

‘‘बरं मग?’’

‘‘एका गिरणीत नेऊन साच्यावर उभं करून बघितलं आमाला. सातही पास.’’

‘‘बरं मग?’’ रखमाने पुन्हा विचारलं. तिला जे ऐकायचं होतं ते अजून आलंच नव्हतं.

दौलतने चिमट्याने एक निखारा इकडचा तिकडे केला. ‘‘माणसाचं परमिट लगेच मिळतं. बायकोला नवऱ्याच्या परमिटावर पास लागतो. तो दोन वर्षांनी. तोही गिरणीनं खोल्या बांधल्या तर.’’

‘‘आणि तोवर मी?’’

‘‘गावाला. आई आहे. तिलाही हाताखाली कुणी पायजेच.’’

तव्यावरची भाकरी जळली. रखमाच्या हातून भाकरी जळणं म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. लवूने ती जळकी भाकरी उचलून मुकाट्यानं खाल्ली.

तिला गावाला जायचं नव्हतं. सासू वाईट होती असं नाही. पण तिथली चूल सासूची होती, आणि इथली शेगडी रखमाची. इथं ती म्हणेल ते शिजायचं. शिवाय मोठी गोष्ट ही, की तिला नवऱ्यापासून लांब राहायचं नव्हतं. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं तिनं गावात काढली होती, तो मुंबईत, ती तिकडं, शिमग्याला नि गणपतीला तो पाहुण्यासारखा यायचा. त्या वर्षांचा तिला मनस्वी कंटाळा होता. मालन म्हणाली, शीवला ये, माझ्याकडे राहा. पण जावयाच्या दारात दोन वर्षं राहायला रखमाला काय लाज सोडायची होती? दौलत जाणार म्हणजे आपण मागं पडणार, एवढं तिला उमगलं. हे बोलायचं कुणापाशी? काम नसलेल्या नवऱ्याला जाऊ नको म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

डॉक्टरी तपासणी ठरली ती नेमकी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी.

कुठल्याही शहाण्या माणसानं त्या दिवशी चार घास खाऊन जावं की नाही? पण धोंडू! ‘‘श्रावणी सोमवार मोडूचो नाय. बापजन्मात मोडलो नाय, नि आता सात समुद्र वलांडताना मोडू?’’ मग काय, सातही जण निरंकार. त्यातून धोंडूच्या डोक्यात आलं की शुभकार्याला निघालोय तर अनवाणी जावं आणि वाटेत गिरगावात महादेवाला बेल वाहावा. परळ ते गिरगाव, गिरगाव ते फोर्ट, पोटात पाण्याचा थेंब नाही, पावसात भिजत. तिथं रक्त काढायला सुई टोचली तशी लवूनं डोळे फिरवले. त्याला बाकावर आडवा करून बाकीचे वजनकाट्यावर चढले.

‘‘काटा हालेचना गो,’’ संध्याकाळी लवू रखमाला सांगत होता. इतकं सगळं होऊन त्याची जीभ शाबूत होती. ‘‘पारशी डॉक्टर होता म्हातारा. आमच्या दंडाला चिमटा काढून बोलतो, अरे बाबा, हे लोक कापड विणायला चालले का पतंगासारखे उडायला? तिथलं सरकार असा माणूस आत नाय घेत. आजारी पडला तर त्याला कोण सांभाळणार?’’

‘‘म्हणजे परमिट नाही?’’ रखमाने विचारलं.

‘‘तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय,’’ दौलत म्हणाला. ‘‘वजन भरलं तर परमिट. नाही तर दुसरी माणसं घेणार.’’

रखमाला आधी बरं वाटलं. हो, लपवायचं कशाला, चांगलं हायसं वाटलं. राहतील घरीच, दुसरं काही बघतील. आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. दौलतने ओला सदरा काढून खुंटीला लावला. त्याच्या पाठीच्या फासळ्या तिला दिसल्या. धोंडू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. हा माणूस एरवी कुणाचं एक ऐकून घ्यायचा नाही.

‘‘आणखी काय म्हणाला तो डॉक्टर?’’ तिने विचारलं.

लवू चाचरला. ‘‘जाऊ दे गो वैनी.’’

‘‘सांग म्हणते ना.’’

‘‘बोलला, तुम्हाला घरात कोण जेवायला घालतं का नाय?’’

झालं! रखमाचं डोकं फिरलं. पदर खोचून ती उभी राहिली. गावाला जायचं दुःख राहिलं बाजूला. चौदा वर्षं ती माणसं जेवायला घालत होती. परळात कुठंही विचारा, रखमाच्या खाणावळीतलं माणूस उपाशी उठलंय का? आणि आता फोर्टातला कोण कुठला डॉक्टर तिच्या माणसांच्या दंडाला चिमटे काढून असं विचारतो!

‘‘तीन आठवडे काय? मी दाखवते त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘उद्यापासून मी वाढीन तेवढं खायचं. पुरे कुणी म्हणायचं नाही. मोर्च्याला जायचं नाही.’’

‘‘मोर्च्याला नाय?’’ लवू ताडकन उठून बसला. ‘‘आमच्याशिवाय मुंबई कशी मिळणार?’’

‘‘मिळेल. तुझ्या हाडांवाचून काही अडत नाही. बसून घोषणा दे.’’

‘‘नि सोमवार?’’ कोपऱ्यातून धोंडू बोलला. ‘‘श्रावण चालू आसा. सोमवार सोडूचे नाय हां.’’

हा खरा पेच होता. मासे तर श्रावणात बंदच. त्यात उपास धरले तर तीन आठवड्यांत वजन वाढणार कसं? रखमाने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘तुमचे उपास मी करते. तुम्ही जेवा. देवाला उपास मिळाल्याशी मतलब.’’

धोंडूने मान तिरकी केली. नवऱ्याच्या नावाने बायको उपास करते, आईच्या नावाने लेक करतो, हे त्याला मान्य होतं. पण सात जणांचे सात सोमवार एका बाईनं एका दिवसात उरकावे? देवापुढे अशी घाऊक लबाडी चालत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. बराच खल झाला. शेवटी धोंडूनेच तोड काढली. सोमवार हा रखमाचा आणि दौलतचा, नवरा-बायकोत वेगळं काय? मंगळवारी धोंडूचा सोमवार. बुधवारी लवूचा. असे पुढचे वार बाकीच्या चौघांत वाटून दिले. सात माणसं, सात वार. हिशेब असा चपखल बसला की धोंडू स्वतःवरच खूष झाला. रखमा दिवसभर काही खाणार नव्हती आणि दिवेलागणीला उपास सोडणार होती. रोज. हे त्या खोलीत एकालाही खटकलं नाही, खुद्द रखमालासुद्धा नाही. काय म्हणावं आता?

आफ्रिकेच्या पगाराच्या भरवशावर वाण्याने उधार दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेगडी पेटली ती दुपारपर्यंत विझली नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं, त्यात नारळाचं वाटण हात न आखडता. घावणे आणि गुळाचा रस. नाचणीची आंबील. शेंगदाण्याचे लाडू, एकेक लिंबाएवढा. मालन शीवहून पिशवीभर नारळ आणि तुपाचा डबा घेऊन आली, म्हणाली, ‘‘आये, बाबांना पाठवायला एवढी खटपट करतेस?’’ रखमा नारळ फोडत होती. ‘‘पाठवायला नाही गो, माझं नाव राखायला,’’ ती म्हणाली, आणि दुसरा नारळ घेतला.

पहिले काही दिवस बाप्ये आनंदात जेवले. मग जेवण हे कामच होऊन बसलं. ‘‘वैनी, आता नको गो,’’ लवू विनवायचा. रखमा शेगडीपुढून नेम धरायची आणि भाकरी त्याच्या ताटात पडायची. दर रविवारी ती सगळ्यांना चाळीसमोरच्या कोळशाच्या वखारीत न्यायची. तिथं गोणी तोलायचा मोठा काटा होता. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात माणूस. वखारवाला म्हणायचा, ‘‘रखमाबाई, माल कुठं धाडायचाय?’’ रखमा म्हणायची, ‘‘आफ्रिकेत.’’ सातही जण पारड्यातून उतरायचे ते पाठी काळ्या करून. गंगुबाई तर गॅलरीत खुर्ची टाकून बघायची. धोंडूला पोट सुटू लागलं होतं आणि त्याला ते लपवता येत नव्हतं.

रात्रीचं जेवण झालं की रखमा उपास सोडायची. दिवसभर वाफेपुढे बसून, वास घेऊन घेऊन तिची भूक मरून जायची. दोन घास खाल्ले की बस. उसवलेली चोळी शिवायला घेतली तेव्हा ती अंगाला सैल होतेय हे तिच्या लक्षात आलं, तिनं टाके आत घेतले आणि सोडून दिलं.

तीन आठवड्यांनी सातही जण पुन्हा फोर्टात गेले. ह्या खेपेला वहाणा घालून, आणि रखमाने दाबून जेवायला घालून पाठवलेले. रखमा दिवसभर खोली आवरत बसली. एकदा आवरलेली पुन्हा आवरली. भरेल वजन, भरेलच. आणि भरलं की गाठोडं बांधायचं. तिनं ट्रंक खाली काढली, आपली लुगडी वेगळी केली, दौलतचे सदरे वेगळे. ते दोन ढीग बघून तिला रडू आलं. घरात कुणी नव्हतं, तेव्हा तिनं ते पोटभर येऊ दिलं.

संध्याकाळी जिन्यावरच ओरडा ऐकू आला. ‘‘पास! सातही पास!’’ लवू नाचत आत आला. मागून बाकीचे. सगळ्यांत मागून दौलत, आणि तो सरळ शेगडीशी जाऊन निखारे नीट करू लागला. रखमा त्याच्याजवळ गेली.

‘‘काय झालं? तुमचं नाही भरलं?’’

‘‘भरलं.’’

‘‘मग?’’

मग लवूनेच सांगितलं. त्या ऑफिसात मनमोहन तळपदे नावाचे गृहस्थ होते, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, कोटटोपीवाले, बोलणं अगदी पुस्तकी. सात जणांची वजनं बघून ते चकित झाले. ‘‘तुम्हांला जेवू घालतं तरी कोण?’’ त्यांनी विचारलं. लवू म्हणाला, आमची खाणावळवाली. त्यावर तळपद्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं की आफ्रिकेतल्या गिरणीची हीच तर रड आहे. आधी गेलेले लोक जेवणाला कंटाळून, आजारी पडून परत आले. गिरणीला स्वयंपाकी हवाच आहे. तसं परमिट निघतं. इकडच्या माणसांचं जेवण रांधणारं तिथं कुणी मिळत नाही, असं गिरणीने लिहून दिलं की झालं.

‘‘ते बोलले, बाई येईल का विचारा. तर हा धोंडू उठला आणि बोलला, बाई येत असेल तर आम्ही येतो. नायतर बसा साचे घेऊन!’’

रखमाने धोंडूकडे पाहिलं. धोंडू सुटलेल्या पोटावर हात ठेवून छताकडे बघत होता.

‘‘मग तुम्ही असे का बसलात?’’ तिने दौलतला विचारलं. तो उठून गॅलरीत गेला. ती मागोमाग गेली. खाली नळावर बायका भांडत होत्या.

‘‘साहेबानं विचारलं, ही बाई कोण?’’ दौलत म्हणाला. ‘‘लवू बोलला खाणावळवाली. मी तिथंच मागं उभा. माझी बायको आहे म्हणायला तोंड उघडलं, तोवर साहेबानं लिहूनपण घेतलं.’’ त्याने कठड्यावर हात टेकले. ‘‘दोन वर्षांनी माझ्या परमिटावर आलीस तर माझी बायको म्हणून येशील. आता आलीस तर गिरणीची स्वयंपाकीण म्हणून. परमिट तुझ्या नावाचं. उद्या माझं काम सुटलं तर मी परत, आणि तू तिथंच. तू चूल सोडलीस तर तू परत आणि मी तिथं. लोक काय म्हणतील? दौलत बायकोच्या जीवावर गेला?’’

‘‘कोण म्हणेल? गंगुबाई? म्हणू दे की.’’

‘‘हसू नको.’’

‘‘हसत नाही,’’ रखमा म्हणाली. तिला खरं तर हसू आवरत नव्हतं, इतका आनंद झाला होता. ‘‘अवो, बायको तर मी आहेच. लग्न लागलंय आपलं, अख्ख्या वाडीनं जेवून ढेकर दिलेत. त्याला आणि परमिट कशाला पायजे? परमिट कामाला लागतं. माझं काम मी करीन, तुमचं तुम्ही करा. रात्री घर एकच ना?’’

दौलत खाली नळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘तिकडं नाचणी मिळते का, विचारायला पायजे.’’ म्हणजे झालं. रखमाने ओळखलं आणि पदराने डोळे पुसत आत गेली. लुगड्यांचे आणि सदऱ्यांचे ढीग तिनं पुन्हा एकाच ट्रंकेत भरले.

बुधवारी तिची तपासणी. नवं लुगडं नेसून, नथ घालून ती सात जणांच्या लवाजम्यासह फोर्टात गेली. बाप्ये बाहेर बाकावर बसले. आत तोच म्हातारा पारशी डॉक्टर आणि एक नर्स. रखमा ताठ मानेनं काट्यावर चढली. जेवायला घालणारी हीच बाई, हे त्याला दाखवायचंच होतं तिला.

नर्सने काट्यावरचं वजन मागे सरकवलं. आणखी मागे सरकवलं. डॉक्टरने पुढे वाकून पाहिलं.

‘‘अरे, हे काय? तूच का ती खाणावळवाली? त्या सात पहेलवानांची?’’

‘‘होय.’’

‘‘आणि तुला कोण खायला घालतं?’’

रखमाला हा प्रश्नच कळेना. तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ‘‘मी जेवते की,’’ ती म्हणाली.

‘‘आज काय जेवली?’’

‘‘आज नाही. आज बुधवार. बुधवारी लवूचा सोमवार असतो.’’

डॉक्टरने नर्सकडे पाहिलं. मग रखमाने सगळं समजावून सांगितलं, मंगळवार धोंडूचा, बुधवार लवूचा. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. बोट सुटायला अजून पंधरवडा आहे, त्याआधी दहाव्या दिवशी पुन्हा ये, म्हणाला. वजन भरलं नाही तर परमिट नाही.

बाहेर बाकावर तिनं कसंबसं सांगितलं. सातही जण उभे होते, तुकतुकीत, गालावर गाल चढलेले, आणि मध्ये ती. आपण काय खाल्लं ते त्यांना एकदम कळलं. दौलतने तिचा दंड धरला. त्याच्या बोटांत तो पुरा मावला आणि त्याचा चेहराच पडला. रोज बाजूला निजणारा माणूस तो, आणि त्याला दिसलं नव्हतं.

‘‘चूक माझी,’’ धोंडू म्हणाला. ‘‘देवाक लबाडी चालना नाय म्हटलंय मी. नि केलंव ती लबाडीच. माझो मंगळवार मी परत घेतंय. सगळ्यांनी आपापलो वार परत घेवा.’’

घरी आल्यावर रखमा सवयीने शेगडीकडे वळली, तर दौलत आधीच तिथं बसला होता. ‘‘तू तिकडं बस,’’ तो म्हणाला.

‘‘तुम्हांला जमणार नाही.’’

‘‘बस म्हणतो ना.’’

त्या दिवशीची भाकरी कसली होती, ते न सांगितलेलं बरं. दौलतने थापली ती परातीलाच चिकटली. लवूच्या भाकरीचे तव्यावर जाईपर्यंत तीन तुकडे झाले. गंगुबाई दारात येऊन पोट धरून हसली, चार गोष्टी शिकवून गेली. रोज नवी तऱ्हा. चार दिवसांनी श्रावण संपला तसा दौलत शीव कोळीवाड्यात जाऊन बांगडे घेऊन आला, आणि धोंडूने तिरफळं घालून त्यांचं असं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, केलं की वासाने अख्खा मजला दारात आला. म्हातारा इतकं चांगलं रांधतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती.

रखमाचं ताट त्यांनी मांडलं. एकटंच. ती बसेना. ‘‘पुरुष उभे आणि मी बसू?’’ म्हणत ती दोनदा उठली. दौलतने खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि तव्यावरची भाकरी उचलून तिच्या ताटात टाकली. टम्म फुगलेली. तिने ती मोडली तशी वाफ तिच्या तोंडावर आली. हजारो भाकऱ्या तिनं थापल्या असतील, पण तव्यावरून थेट आपल्या ताटात आलेली तिला आठवत नव्हती. सगळ्यांचं होईपर्यंत तिच्या वाटणीची गार व्हायची, कडेने वाळायची. भाकरी अशी लागते होय? घास तिने हळूहळू चावला. सात जण तिच्या तोंडाकडे बघत होते.

‘‘काय झालं?’’ लवूने घाबरून विचारलं. ‘‘कच्ची आहे?’’

‘‘मधे थोडी कच्ची आहे,’’ रखमा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ‘‘आणखी एक टाका.’’

दहाव्या दिवशी ती काट्यावर चढली तेव्हा नर्सने वजन पुढं सरकवलं, पुन्हा पुढं सरकवलं, आणि डॉक्टर नुसता हसला. तळपद्यांनी परमिटासाठी नाव विचारलं, तिनं सांगितलं. काम विचारलं. ‘‘जेवू घालणं,’’ ती म्हणाली. त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं. मग मान वर करून विचारलं, ‘‘आणि हे गृहस्थ आपले कोण?’’

‘‘मी तिचा नवरा,’’ दौलत मोठ्यानं म्हणाला. ह्या खेपेला त्यानं कुणाला आधी बोलू दिलं नाही.

बोटीच्या आदल्या दिवशी परळच्या खोलीत शेवटचं जेवण झालं. मालन आली होती, गंगुबाई आली होती. शेगडी पुन्हा रखमाच्या ताब्यात होती, भाकऱ्या पुन्हा चंद्रासारख्या गोल. बाप्ये ओळीनं बसले, सात ताटं मांडली. रखमाने नेम धरला. मग हात थांबवला. तवा उतरवून ठेवला, उठली, फडताळातून आठवं ताट काढलं, दौलत आणि धोंडू ह्यांच्या मध्ये जागा करून घेतली आणि मांडी घालून बसली.

‘‘गो, काय झालं?’’ दौलतने विचारलं.

‘‘मी बसले,’’ रखमा म्हणाली. ‘‘आज कुणाचा वार? उठा, वाढा.’’

आणि सातही जण एकदम उठले.